दोन राज्यांच्या शिवेवरील शाळा

मेहकराहून जालन्यास जाणाऱ्या जुन्या रस्त्यानें निघालें म्हणजे सुलतानपूर मागें पडल्यावर बीबी हें गांव लागतें. त्याच्यापुढें दुसरबीड, मग किनगांव, आणि मग जिजाबाईंचें माहेर सिंदखेड. बहुतेक प्रवासी सिंदखेडचा वाडा पाहतात, किंवा वाट थोडी वांकडी करून लोणारचें सरोवर पाहून येतात. बीबीस मुद्दाम थांबावें असें त्यांना कांहीं दिसत नाहीं. आज मात्र मी तुम्हांला तेथेंच थांबविणार आहें. या टापूंतील सार्वजनिक शाळांचा इतिहास पाहावयाचा, आणि त्यांची एकमेकींशीं तुलना करावयाची, तर उभें राहण्यास इतकी सोयीची जागा दुसरी सांपडणार नाहीं.

बीबीच्या दक्षिणेस पूर्णा नदी आहे. वरच्या अंगास लोक तिला खडकपूर्णा म्हणतात. ती ओलांडून पुढें गेलें म्हणजे मंठा. आज या वाटेनें जाणाऱ्यास आपण एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत गेलों एवढेंच समजतें, आणि तेंही पाटी वाचली तर. परंतु १९४८ पर्यंत या वाटेंत राज्य बदलत असे. अलीकडे वऱ्हाड, बुलढाणा जिल्हा, मेहकर तालुका; पलीकडे निजामसरकारचा मुलूख. जमीन तीच काळी, पिकें तींच ज्वारी-कापसाचीं, सोयरिकी दोहोंकडे, आणि घराघरांतली भाषा मराठी. गंमत अशी कीं, नांवानें धनी देखील एकच. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे असला तरी त्यावरील स्वामित्व कागदोपत्रीं निजामाचेंच राहिलें होतें, आणि १९३६ च्या करारानंतर निजामाचे वडील चिरंजीव 'वऱ्हाडचे युवराज' ही पदवी लावीत असत. माती, माणसें, भाषा आणि नांवाचा राजा सारखा, फरक कारभाराचा. शाळांची पारख करूं इच्छिणाऱ्यासाठीं इतिहासानें हा प्रयोगच मांडून ठेवला आहे.

शाळांची तुलना हा विषय शहरांतील गृहस्थाश्रमी माणसाला नवा नाहीं. जून महिना जवळ आला कीं घरोघर हीच चर्चा चालते: कोणती शाळा चांगली, कोणाचा निकाल किती, कोणाची इमारत मोठी. 'पब्लिक स्कूल' हा शब्द त्या चर्चेंत ज्या अर्थानें येतो तोही मौजेचा आहे. ईटन येथील शाळा सहाव्या हेन्री राजानें १४४० सालीं ७० गरीब विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून काढली. पुढें ती श्रीमंतांची झाली, पण 'पब्लिक' हें बिरुद कांहीं सुटलें नाहीं, आणि तेंच उसनें घेऊन आपल्याकडे भारी फीच्या शाळा मिरवितात. मी बोलणार आहें तें शब्दशः सार्वजनिक अशा शाळांविषयीं. म्हणजे ज्या रयतेच्या पैशानें चालतात आणि ज्यांत गांवच्या कोणत्याही मुलाला जातां यावें अशी निदान अपेक्षा असते.

सरकारी शाळा येण्यापूर्वीं पंतोजीची शाळा दोन्ही बाजूंस सारखीच होती. देवळाची ओसरी किंवा सावकाराची पडवी, धूळपाटीवर गिरविलेलीं अक्षरें, मोडीचें वाचन, आणि पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी यांचा सायंकाळचा गजर. हेतु उघड होता: हिशेब ठेवतां यावा, रोखा वाचतां यावा. म्हणून ज्यांना हिशेब ठेवावयाचा होता त्यांचींच मुलें तेथें जात. कुणब्याचा मुलगा गुरांमागें, मुलगी चुलीपाशीं, आणि महार-मांगांच्या मुलांना तर त्या ओसरीची पायरीही मोकळी नव्हती. जुन्या शाळेचें कौतुक करतांना आपण हें शेवटचें वाक्य बहुधा गाळतों.

१८५३ च्या मे महिन्यांत, फौजेच्या खर्चापोटीं, निजामानें वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलें. त्याच तहांत धाराशिवचा मुलूख आणि रायचूरचा दुआब हेही गेले होते. १८६० सालीं हे दोन्ही परत झाले, वऱ्हाड मात्र तसेंच राहिलें. तहाच्या एका कलमानें कोणत्या गांवच्या मुलांना कोणती लिपि शिकावी लागेल हें ठरून जावें, याचें मला नेहमीं नवल वाटतें. धाराशिवच्या मुलांची वाट त्या १८६० च्या कागदानें बदलली. बीबीच्या मुलांची बदलली नाहीं.

वऱ्हाडांत १८६६ सालीं स्वतंत्र शिक्षणखातें निघालें. या खात्याच्या उणिवा मी पुढें सांगणारच आहें. परंतु त्यानें एक गोष्ट नीट केली. प्राथमिक शाळा मराठींत चालावयाची हें तत्त्व त्यानें धरलें, आणि ज्यांची भाषा उर्दू होती अशा मुसलमान मुलांसाठीं उर्दू शाळा वेगळ्या ठेवल्या. आज हें इतकें सरळ दिसतें कीं त्यांत विशेष तें काय, असें वाटेल. पूर्णेपलीकडे गेल्यावर त्याचें मोल कळतें.

आतां उणिवा. पहिली ही कीं, खात्याला पाहिजे होते पटवारी, कारकून आणि मास्तर. शाळा त्या मापानें बेतली होती. चौथीपर्यंत मराठी, पुढें तालुक्याच्या गांवीं गेला तर इंग्रजीची तोंडओळख, आणि हायस्कूल हवें तर घर सोडून लांब जावयाचें. दुसरी उणीव भूगोलाची. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत: घाटाखालचा, ज्याला जुने लोक पयनघाट म्हणत, आणि घाटावरचा, म्हणजे बालाघाट. घाटाखालीं पूर्वापार कापसाची पेठ. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या दिवसांत, १८६१ ते १८६५ मध्यें, येथील कापसाला जो भाव आला त्यानें खामगांव गबर झालें. १८७० सालीं लॉर्ड मेयो यांनीं स्वतः येऊन तेथला आगगाडीचा फांटा खुला केला. जेथें आगगाडी गेली तेथें व्यापारी, वकील, डाक्तर आले, आणि त्यांच्या मुलांसाठीं वरच्या शाळा आल्या. घाटावरचें मेहकर, आणि त्याच्याही कडेला पडलेलें बीबी, या ओघांत आलें नाहीं. मेहकर-लोणारच्या बाजूस आगगाडी अद्यापिही गेलेली नाहीं. तेव्हां वऱ्हाडची शाळा म्हणून एकच एक वस्तु होती असें समजूं नये. खामगांवची निराळी आणि घाटावरच्या खेड्याची निराळी.

१८८५ च्या कायद्यानें वऱ्हाडांत ग्रामीण बोर्डांची व्यवस्था आली आणि खेड्यांतल्या शाळांचा भार हळूहळू या स्थानिक मंडळ्यांकडे गेला. चार खोल्यांची इमारत नाहीं, पण एक मास्तर, एक फळा, आणि वर्षाकांठीं तपासणीस येणारे डिप्टीसाहेब, ही शाळेची मूर्ति त्या काळांत ठरून गेली. मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. १८९१ सालीं वऱ्हाडची लोकसंख्या सुमारें २९ लाख होती, ती १९०१ सालीं साडेसत्तावीस लाखांवर आली. माणसें खडी फोडावयास जात होतीं त्या वर्षीं शाळेच्या पटाचें काय झालें असेल, हें सांगावयास नको.

आतां पूर्णा ओलांडूं.

निजामी मुलखांत शाळाच नव्हत्या असें मानणें चुकीचें होईल. शिक्षणखातें तेथेंही होतें, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गांवीं सरकारी शाळाही होत्या. परंतु १८८४ च्या सुमारास दरबारची भाषा फारसी जाऊन उर्दू झाली, आणि कारभाराची भाषा तीच शाळेची भाषा होत गेली. अगदीं खालच्या इयत्तांत मराठीला जागा होती. पण ती जागा दिवाणखान्याची नसून देवडीची होती. पुढें जावयाचें तर उर्दू. मंठ्याकडच्या कुणब्याच्या मुलानें वरच्या वर्गांत पाऊल टाकलें कीं त्रिकोणाचा 'मुसल्लस' झाला, भूगोलाचा 'जुग्राफिया' झाला. इतिहासाला तर 'तारीख' म्हणत, आणि त्या मुलाच्या घरीं तारीख म्हणजे कोर्टाची! हुषार मुलें ही भिंत चढून जात, त्यांतलीं कांहीं उर्दूचीं उत्तम जाणकार झालीं, आणि त्या भाषेवरचें त्यांचें प्रेम जन्मभर टिकलें. परंतु सार्वजनिक शाळा हुषारांसाठीं नसते. मध्यम बुद्धीचें मूल त्या भिंतीपाशीं थांबे आणि परत गुरांमागें जाई.

येथें न्यायानें बोललें पाहिजे. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें, तें हिंदी भाषांपैकीं एकीला उच्च शिक्षणाचें माध्यम करणारें पहिलें मोठें विद्यापीठ. वैद्यक, कायदा, पदार्थविज्ञान हें सारें उर्दूंतून शिकवितां येतें हें त्यानें करून दाखविलें. त्यासाठीं भाषांतरखातें बसविलें, हजारों परिभाषिक शब्द घडविले. त्याच वेळीं वऱ्हाडांतला मुलगा चौथी मराठींत होऊन हायस्कुलांत जाई तो इंग्रजीच्या भिंतीवर आपटे. भिंत दोहोंकडे होती. निजामाच्या राज्यांत ती लवकर येई, वऱ्हाडांत उशिरां, एवढाच फरक. परंतु बहुसंख्य मुलांचें शिक्षण चारच वर्षांचें असतें तेथें या 'एवढाच'ला फार किंमत आहे. उस्मानियाचा विचार थोर होता. त्याला भाषा मात्र बहुसंख्य प्रजेची मिळाली नाहीं. मराठी, तेलुगु आणि कानडी या तिन्ही बाहेर राहिल्या.

आणखी एक शाळा सांगितल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. नारायण शेषाद्रि हें नांव मुंबईच्या जुन्या वादांतून कांहीं श्रोत्यांस आठवत असेल. १८४३ सालीं ज्या श्रीपत शेषाद्रीच्या शुद्धीवरून बाळशास्त्री जांभेकरांस ब्रह्मवृंदाचा रोष पत्करावा लागला, त्या श्रीपतीचे हे वडील बंधु. ते ख्रिस्ती झाले ते ख्रिस्तीच राहिले, आणि पुढें जालन्यास येऊन त्यांनीं आपलें काम मांडलें. जालन्याजवळ बेथेल नांवाची वस्ती त्यांनीं वसविली, आणि तेथें महार-मांगांच्या मुलांना शिकविलें. त्यांच्या धर्मांतराविषयीं कोणाचें कांहींही मत असो; बीबीहून ज्या जालन्यास लोक बाजाराला जात, त्या जालन्याच्या वेशीशीं अस्पृश्यांचीं मुलें पाटी घेऊन बसत होतीं, आणि वऱ्हाडांतल्या कित्येक सरकारी शाळांत तींच मुलें पडवींत वेगळीं बसविलीं जात होतीं, ही गोष्ट खरी आहे. तुलना करणारानें ती झांकूं नये.

१९०१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडांत शंभर पुरुषांमागें लिहितां-वाचतां येणारे आठ-नऊ निघाले, निजामाच्या राज्यांत पांच-सहा. स्त्रियांत दोहोंकडे शेंकडा एकही नव्हती. पस्तीस वर्षें शिक्षणखातें चालवून वऱ्हाडनें मिळविलेली आघाडी ती एवढीच. मला हे आंकडे प्रथम पाहिल्यावर कांहींसा अचंबा वाटला होता. मी यापेक्षां मोठें अंतर धरून बसलों होतों. पण विचार करतां ध्यानांत येतें कीं, अंतर पडावयाचें होतें तें पुढल्या चाळीस वर्षांत. तें पडलें तें सरकारांच्या औदार्यानें नव्हे. लोकांना स्वतःच्या शाळा काढतां आल्या कीं नाहींत, यावर तें अवलंबून होतें.

वऱ्हाडांत त्या काढतां आल्या. असहकाराच्या लाटेंत खामगांवास राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि पंधे गुरुजींनीं तिला कलेचें वळण दिलें. बुलढाणा जिल्ह्याच्याच पंढरीनाथ पाटलांनीं १९२७ सालीं महात्मा फुल्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. शिक्षणावांचून कुणब्याची गति नाहीं हा फुल्यांचा मुद्दा घाटावरच्या खेड्यांत नेणाऱ्या सत्यशोधक पिढींतले ते होते. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, १९३० सालीं प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, आणि १९३२ मध्यें त्यांची श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली. वऱ्हाडांतल्या शेतकऱ्याच्या मुलाला हायस्कूल दिसूं लागलें तें मुख्यतः या मंडळींमुळें. शाळेला पैसे देणारा आणि शाळेंत मूल घालणारा हा एकच माणूस असावा, ही कल्पना येथें रुजली.

पलीकडे हीच इच्छा कमी नव्हती. औरंगाबादेस १९१५ सालीं सरस्वती भुवन, अंबाजोगाईस १९१७ सालीं योगेश्वरी, हिप्परग्यास १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा, सेलूस १९३९ सालीं नूतन विद्यालय. हीं नांवें मराठवाड्यांतील वृद्ध माणसें आजही देवाच्या नांवासारखीं घेतात. हिप्परग्याच्या शाळेचे मुख्याध्यापक पुढें स्वामी रामानंद तीर्थ म्हणून साऱ्या संस्थानाचे पुढारी झाले. पण १९२४ च्या सुमारास खाजगी शाळांवर सरकारी परवानगीचें बंधन आलें. गांवानें वर्गणी जमवावी, मास्तर शोधावा, आणि मग अर्जाच्या उत्तराची वाट पाहत बसावें, असा प्रकार सुरू झाला. खेड्यांतला उत्साह किती दिवस टिकतो हें आपल्याला ठाऊक आहे. माझ्या मतें दोन बाजूंमधील खरें अंतर या परवानगीच्या कागदानें पाडलें.

तरी वऱ्हाडकरांनीं शहाणपणाचा फार तोरा मिरवूं नये. १९३७ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत लोकांचें मंत्रिमंडळ आलें, त्याच वर्षीं वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि पाठोपाठ रविशंकर शुक्ल यांची 'विद्यामंदिर' योजना निघाली. गांवानें जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी ती साधी कल्पना होती. पण 'मंदिर' या शब्दावर मुसलमान समाजांत नाराजी उठली, आणि मुस्लिम लीगनें तिचें भांडवल केलें. शब्द संस्कृत आहे, घर एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे, असें समर्थन झालें. तें कोशांत बरोबर होतें. परंतु उंबरठ्यावर थबकलेल्या मुलाच्या बापाला कोश दाखवून काय होणार? पूर्णेपलीकडच्या मराठी बापाला 'मदरसा' शब्द वाचून जें वाटे, तेंच येथें दुसऱ्याला वाटत होतें.

१९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला आणि त्यांपैकीं शेंकडोंना काढून टाकण्यांत आलें. त्यांना आसरा दिला तो नागपूर विद्यापीठानें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यांतलेच. दोन शिक्षणपद्धतींची इतकी उघड गांठ त्यापूर्वीं कधीं पडली नव्हती.

१९४८ च्या सप्टेंबरांत पोलिस कारवाई होऊन संस्थान संपलें. त्यानंतर मराठवाड्याच्या शाळा मराठींत आल्या, आणि नवीनच अडचण उभी राहिली: मराठींत शिकवूं शकणारे शिक्षक कोठून आणावयाचे? जे शिकले होते ते उर्दूंत शिकलेले. तेव्हां वऱ्हाडांतून आणि पश्चिम महाराष्ट्रांतून मास्तर गेले. १९५१ च्या खानेसुमारींत हैदराबाद राज्यांत शंभर माणसांत साक्षर जेमतेम ९ होते, जेव्हां सबंध देशाचें प्रमाण सोळा-सतरा होतें. १९०१ पासून पन्नास वर्षें लोटलीं होतीं.

पुढचा भाग मी झरझर सांगतों, कारण तो तुमच्यांतील अनेकांनीं पाहिलेला आहे. १९५६ च्या नोव्हेंबरांत बुलढाणा मध्यप्रदेशांतून आणि मराठवाडा हैदराबादेंतून निघून मुंबई राज्यांत आले. एकशें तीन वर्षांनंतर पूर्णेचे दोन्ही कांठ एका कारभाराखालीं आले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि वऱ्हाडांतल्या जनपद सभांच्या शाळा त्यांच्या ताब्यांत गेल्या. १९६७ सालीं पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ निघालें, आणि बीबीच्या व मंठ्याच्या मुलाच्या दप्तरांत 'बालभारती' हें एकच पुस्तक पडलें. शाळांच्या इतिहासांत मी या दिवसाला १९५६ पेक्षांही मोठा मानतों.

अलीकडे तालुक्याच्या गांवोगांवीं इंग्रजी माध्यमाच्या शाळा झाल्या आहेत. ऐपत असेल तो, आणि नसेल तोही, आपलें मूल तेथें घालूं पाहतो. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांतही २००० सालच्या जूनपासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला आहे. बापाला दोष देण्याचें मला धाडस होत नाहीं. मंठ्याचा बाप मुलाला उर्दू शाळेंत घाली तोही त्याच हिशेबानें, कीं नोकरी त्या भाषेंत आहे. मात्र २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यांत शिक्षणाचें माध्यम मुलाची मातृभाषा असावें असें लिहून त्यामागें 'शक्य असेल तेथवर' हे शब्द जोडले आहेत, ते मी दोनदां वाचले. निजामी शाळेंत खालच्या इयत्तांना मराठीची जी देवडी मिळाली होती, तीही अशीच शक्य असेल तेथवर मिळालेली होती.

जुनी शीव नकाशावरून गेली, पण कचेऱ्यांच्या वाटणींत ती राहून गेली आहे. बीबीचा पदवीधर १९८३ सालीं निघालेल्या अमरावती विद्यापीठाचा, मंठ्याचा १९५८ सालीं निघालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा. बीबीच्या मुलाची दहावीची परीक्षा अमरावती विभागांत मोडते, मंठ्याच्या मुलाची छत्रपति संभाजीनगर विभागांत. परीक्षेच्या दिवशीं सकाळीं दोघांच्या हातीं पडणारी मराठीची प्रश्नपत्रिका मात्र एकच असते.